कोलंबस, इंडियाना: दुकानाच्या वरचा मजला बघा

(वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की अमेरिकेतल्या छोट्या गावांच्या जुन्या बाजारपेठांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. बरेच प्रश्न आले आणि त्यातले अर्ध्याहून जास्त एकाच गावाबद्दल, इंडियाना राज्यातलं कोलंबस. कारणही सरळ आहे, इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्य ऑफिस या गावात आणि १९६२ पासून कमिन्स आपल्या पुण्यातही, त्यामुळे कोथरूड-वारजे भागातल्या कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी तिथे राहून आलेलं असतं. म्हणून यावेळी मुख्यतः कोलंबसच घेऊया.

नमस्कार ताई. मुलगा कमिन्समध्ये आहे म्हणून आम्ही दोघं उन्हाळाभर कोलंबसला होतो. रोज संध्याकाळी वॉशिंग्टन स्ट्रीटला फेरी व्हायची. सगळी दुकानं एकमेकांना चिकटलेली, अरुंद, दोन-तीन मजली, विटांची, वर उंच खिडक्या आणि अगदी टोकाला नक्षीची पट्टी. आजूबाजूच्या गावांना गेलो तर तिथेही डिट्टो हेच! सगळीकडे एकच बिल्डर होता का? – एक काकू, कोथरूड

काकू, बिल्डर एक नव्हता पण सगळ्यांचं गणित मात्र एकच होतं. ही गावं वसवताना मधे कोर्टाचा चौक ठेवायचा आणि भोवती प्लॉट पाडायचे अशी पद्धत होती, आणि कोर्टाच्या समोरच्या रस्त्यावर प्रत्येकाला दुकान हवं, म्हणून रस्त्याकडची रुंदी महाग. मग प्लॉट साधारण वीस-पंचवीस फूट रुंद आणि मागे चांगले शंभर-सव्वाशे फूट लांब. आता एवढ्या रुंदीत लाकडाची तुळई या भिंतीवरून त्या भिंतीवर सरळ टाकता येते, मधे खांब लागत नाही, शिवाय बाजूची भिंत शेजाऱ्याशी सामाईक करता येते म्हणजे खर्च वाटला जातो. म्हणून चिकटलेली.

दोन्ही बाजूंनी भिंत म्हटल्यावर उजेड फक्त पुढून आणि मागून येणार, आणि तेव्हा वीज नाही. म्हणून छत उंच आणि खिडक्याही उंच, जेवढी खिडकी उंच तेवढा उजेड आत खोलवर जातो. काही ठिकाणी दुकानाच्या मोठ्या काचेच्या वर छोट्या खरखरीत चौकोनी काचांची पट्टी दिसते बघा, ती नुसती डिझाइनसाठी नाही, त्या काचांना आतून दाते असतात, त्यावर पडलेला उजेड आडवा वळून दुकानाच्या मागच्या भागापर्यंत जातो. १८९७ नंतर शिकागोच्या लक्सफर कंपनीने या काचा अमेरिकाभर विकल्या.

विटा का, तर पहिली लाकडी दुकानं जळायची. एकाला लागली की अख्खी रांग जायची. म्हणून बऱ्याच गावांत १८६० ते १८९० च्या मधे विटांची बांधकामं उभी राहिली, आणि त्या काळात फॅशन होती इटालियन धाटणीची, म्हणून खिडकीवर कमान आणि माथ्यावर पुढे आलेली ती नक्षीची पट्टी, तिला कॉर्निस म्हणतात. समोरची बाजू थाटाची आणि मागची एकदम साधी. पुढच्या वेळी गेलात की मागच्या गल्लीतून पण चक्कर मारा, तिथे स्वस्तातली वीट, बुजवलेली दारं, भिंतीवरच्या जुन्या रंगवलेल्या जाहिराती, इमारतीचं खरं वय तिथे कळतं.

आणि एक सांगते, खाली दुकान बदलत राहतं, शंभर वर्षांत पाच-सहा वेळा काचा, दारं, बोर्ड सगळं बदललेलं असतं, पण वरचा मजला बहुतेक तसाच असतो. तिथे वकील, डॉक्टर, दातांचे डॉक्टर बसायचे, तिसऱ्या मजल्यावर मेसन किंवा ऑड फेलोज अशा मंडळांचे हॉल असायचे, कुठे मालकाचंच बिऱ्हाड. दुकानाच्या बाजूला एक अरुंद दार असतं जे कुठे जातं ते कळत नाही, तो वर जायचा जिना. म्हणून मी सगळ्यांना सांगते, फुटपाथवर चालताना समोरच्या बाजूने चाला आणि मान वर ठेवा.

कोर्ट बघितलंच असेल. १८७४ चं, आयझॅक हॉजसन नावाच्या आर्किटेक्टचं, लाल वीट आणि त्यात चुनखडीचा दगड. हा दगड जवळच्याच बेडफर्ड-ब्लूमिंग्टन भागातला, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला पण हाच लागलाय. कोर्टाच्या आवारात दगडाचे २५ उंच खांब आहेत ना, ते १९९७ चं सैनिक स्मारक, खांबांवर युद्धात गेलेल्या मुलांची नावं आणि त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांतले उतारे कोरलेत. वेळ काढून वाचा.

ताई, माझं नागपूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. बहिणीकडे इलिनॉयला गेलो होतो तिथे एका जुन्या दुकानाला टिचकी मारली तर खांब लोखंडाचे आणि वरची नक्षी पत्र्याची! मला वाटलं होतं दगड आहे. त्या काळी एवढं काम करत कोण होतं? – एक वाचक, नागपूर

दादा, तुमच्या धंद्यातल्या माणसाला हे बरोबर दिसणार! हे कॅटलॉगवरून मागवलेलं काम आहे. मेस्कर नावाचे भाऊ होते, दोघांचा कारखाना सेंट लुईसला आणि तिसऱ्याचा, जॉर्ज मेस्करचा, इंडियानातच इव्हान्सव्हिलला. १८८० च्या दशकापासून पुढची पंचवीस-तीस वर्षं यांचे कॅटलॉग गावोगावी पोस्टाने जायचे, दुकानदाराने आपल्या प्लॉटची रुंदी कळवायची, की ओतीव लोखंडाचे खांब, दाबून उठाव काढलेला गॅल्व्हनाइज्ड पत्रा, कॉर्निस, सगळं रेल्वेने यायचं आणि गावातले सुतार-गवंडी ते बसवायचे. असे हजारो फ्रंट देशभर गेले.

ओळखायचं कसं तर खिशात छोटं चुंबक ठेवा, दगडाला आणि लाकडाला चिकटणार नाही, ओतीव खांबाला आणि पत्र्याला चिकटेल. जस्ताची नक्षी असेल तर तिलाही चिकटत नाही, तिथे टिचकीच कामाला येते, आवाज पोकळ येतो. आणि खांबाच्या तळाशी, फुटपाथपासून वीतभर वर, बघा, कारखान्याचं नाव आणि गाव बऱ्याचदा ओतलेलं असतं, रंगाच्या थरांखाली दबलेलं असतं म्हणून बोटाने चाचपून बघायचं. लोखंडाच्या खांबांचा खरा फायदा हा की खाली जाड विटांची भिंत लागत नाही, त्यामुळे पहिल्यांदाच दुकानाला एवढी मोठी काच लावता आली.

मी मुंबईत आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. डिसेंबरमध्ये मावशीकडे इंडियानापोलिसला जाणार आहे आणि कोलंबससाठी एकच दिवस मिळेल. मोठ्या आर्किटेक्टच्या इमारतींची लिस्ट केली आहे: दोन्ही सारिनेन, पेई, व्हेंच्युरी, रोश. जुनं डाउनटाउन स्किप केलं तर चालेल ना? – एक विद्यार्थिनी, दादर

नाही चालणार गं! अगदी मनापासून सांगते, जुना रस्ता स्किप केलास तर तुझ्या लिस्टमधल्या निम्म्या इमारती कळणारच नाहीत.

आधी थोडं मागचं सांगते. सुमारे पन्नास हजार वस्तीचं गाव. १९४२ मध्ये एलिएल सारिनेनने फर्स्ट ख्रिश्चन चर्च बांधलं, त्यानंतर त्याचा मुलगा ईरो याने १९५४ मध्ये वॉशिंग्टन स्ट्रीटवर इरविन युनियन बँक केली. बँक होती जे. इरविन मिलरच्या घराण्याची, तोच कमिन्सचाही प्रमुख. मग कमिन्सच्या फाउंडेशनने गावाला सांगितलं की सार्वजनिक इमारत बांधायची असेल तर आम्ही देतो त्या यादीतून आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आम्ही भरू. पहिली शाळा हॅरी वीजने केली, १९५७ ला, आणि मग शाळा, फायर स्टेशनं असं चालूच राहिलं. हे सगळं तुला पुस्तकात मिळेल.

पण आता त्या बँकेपाशी उभी राहा. काचेच्या भिंती, एकच मजला, वर नऊ पांढरे घुमट आणि भोवती बागा आखणाऱ्या डॅन कायलीने लावलेली झाडं. सगळ्या बाजूंनी दोन-तीन मजली विटांची दुकानं आणि मधे ही मुद्दाम बुटकी ठेवलेली इमारत. त्या काळातली बँक म्हणजे दगडी खांब आणि पिंजऱ्यामागे बसलेला कॅशियर, याने पिंजराच काढून टाकला आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आत काय चाललंय ते दिसायला लागलं. ही इमारत मोकळ्या माळावर असती तर तिचा अर्धा अर्थ गेला असता, ती त्या जुन्या रांगेच्या भरवशावर उभी आहे. आता बँक नाहीये तिथे, २००९ ला ती बंद पडली, नंतर इमारत कमिन्सकडे गेली.

दुसरं, कमिन्सचं मुख्य ऑफिस, केविन रोशचं, १९८० च्या दशकातलं. पुष्कळ जण बाहेरून फोटो काढून निघून जातात. त्याच्या आवारात सीरिअलीन नावाची जुनी विटांची गिरणी आहे, मक्याचे फ्लेक्स बनवायची, रोशने ती पाडली नाही, नवीन ऑफिस तिच्याभोवती गुंडाळलं आणि आत कर्मचाऱ्यांचं कॅन्टीन केलं. एवढ्या मोठ्या कंपनीने गिरणीसाठी जागा सोडली, मला हे त्या ऑफिसमधलं सगळ्यात चांगलं डिझाइन वाटतं.

आणि तिसरं, ज्याचं नाव तुझ्या लिस्टमध्ये नाही, डिझायनर अलेक्झांडर जिरार्ड. मिलरच्या घराचे रंग आणि कापडं त्याची हे तुला माहीत असेलच. १९६० च्या दशकात त्याच्याकडे वॉशिंग्टन स्ट्रीटच्या दुकानांचे फ्रंट सोपवले गेले. तेव्हा अमेरिकेतली बाकीची गावं काय करत होती माहितेय? जुन्या विटांच्या इमारतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकत होती, मॉलसारखं मॉडर्न दिसावं म्हणून! जिरार्डने उलट केलं, जे आहे ते साफ केलं, दर इमारतीला शेजाऱ्याशी जुळेल असा रंग दिला, कॉर्निस आणि खिडक्यांच्या कमानी रंगाने उठून दिसतील असं केलं, बोर्ड आणि छज्जे नीट लावले. बस्स. तोडफोड नाही की नवीन बांधकाम नाही. एवढ्या मोठमोठ्या नावांच्या गावात रस्त्याचं सगळ्यात जास्त भलं रंगाच्या डब्याने झालं असं माझं ठाम मत आहे, आणि तू विद्यार्थिनी आहेस म्हणून हे जरा जोर देऊन सांगते.

उलटं उदाहरण पण त्याच रस्त्यावर. १९७३ ला सीझर पेलीने कॉमन्स नावाचा काचेचा मॉल केला, नावाजला गेला, पण २००८ मध्ये बराचसा पाडावा लागला आणि २०११ ला नवीन झाला, आतलं शिल्पकार टँग्लीचं मोठं हलतं शिल्प तेवढं ठेवलं. त्याच रस्त्यावरचं झाहाराकोस हे आइस्क्रीमचं दुकान मात्र १९०० पासूनचं, आत सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनातले ऑनिक्स दगडाचे सोडा काउंटर. २००६ ला बंद पडलं होतं, दुरुस्त होऊन २००९ ला पुन्हा उघडलं. थंडी असली तरी आत जा, छताचा पत्रा बघ.

डिसेंबरमध्ये दिवस लहान, साडेपाचला अंधार. म्हणून सकाळी आधी कोर्ट, मग वॉशिंग्टन स्ट्रीट दोन्ही बाजूंनी पायी, बँक, तिथून पाचव्या रस्त्याला वळलीस की एकीकडे पेईची लायब्ररी, पुढे हेन्री मूरचं ब्राँझचं मोठं शिल्प आणि समोर एलिएलचं चर्च. हे सगळं चालत होतं. गाडी लागते ती ईरोच्या नॉर्थ ख्रिश्चन चर्चला आणि व्हेंच्युरीच्या फायर स्टेशनला, ते दुपारनंतर. मिलर हाउसला आधी बुकिंग लागतं, तिकिटं लवकर संपतात, आजच बघ.

आम्ही नवरा-बायको इंडियानातल्याच एका छोट्या गावात दातांचा दवाखाना चालवतो. डाउनटाउनमधली १८८५ ची दोन मजली इमारत विकत घेतली आहे, पुढून पूर्ण पत्रा मारलेला आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो विटा सँडब्लास्ट करू आणि सांधे सिमेंटने पक्के भरून टाकू. शेजारचा म्हणतो हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमध्ये (ऐतिहासिक ठरवलेल्या भागात) घेतलंत, आता खिळा ठोकायलाही परवानगी लागेल. खूप टेन्शन आलं आहे. – एक डॉक्टर

डॉक्टर, आधी अभिनंदन, आणि दुसरं म्हणजे त्या कॉन्ट्रॅक्टरला उद्याच थांबवा.

सँडब्लास्टिंग अजिबात नको. भट्टीत भाजताना विटेला वरून एक कडक थर येतो, तोच पाणी अडवतो, वाळूच्या माऱ्याने तो निघून जातो आणि आतली मऊ वीट उघडी पडते. दातावरचं इनॅमल खरवडल्यासारखं आहे हे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. रंग काढायचा असेल तर त्यासाठी रसायनं असतात, आधी मागच्या बाजूला छोट्याशा भागावर ट्रायल घ्या.

सिमेंटचंही तेच. १८८५ ची भिंत चुन्यात बांधलेली असणार, चुना विटेपेक्षा मऊ असतो, भिंतीत गेलेला ओलावा सांध्यातून बाहेर पडतो आणि झिजला तर चुना झिजतो. सांध्यात कडक सिमेंट भरलं की ओलावा विटेतून निघायला बघतो, इंडियानाच्या थंडीत तो गोठतो, फुगतो, आणि विटेचं तोंड पोपड्यासारखं उडतं. एकदा उडालं की परत येत नाही. तेव्हा सांधे भरायचे ते चुन्यानेच, आधी जुन्या चुन्याचा नमुना तपासून घ्या, सांधा रुंदीच्या साधारण दोन-अडीच पट खोल उकरायचा, आणि बारीक सांध्यात ग्राइंडर घालू द्यायचा नाही कारण तो विटेच्या कडा खातो. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला वेळ लागेल पण थांबा त्याच्यासाठी.

पत्रा: घाईने पूर्ण काढू नका, आधी दोन-तीन ठिकाणी उघडून आत बघा. पुष्कळदा आत मूळ खिडक्या शाबूत मिळतात, पण पत्रा बसायला आड येत होतं म्हणून कॉर्निस कापून टाकलेलं पण सापडतं, आणि खिळे-बोल्टांनी विटा फोडलेल्या असतात. कितीचं काम आहे ते बघूनच बजेट करा. गावच्या लायब्ररीत जुने फोटो असतात, त्यात तुमची इमारत नक्की शोधा.

आता परवानगीचं. इथे दोन वेगळ्या गोष्टी लोक एक करतात. नॅशनल रजिस्टर ही १९६६ च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय यादी, तीत इमारत असली तरी तुम्ही स्वतःच्या पैशाने खासगी काम करताना ती यादी तुम्हाला अडवत नाही, अगदी पाडायलासुद्धा नाही, ऐकून धक्का बसतो पण तसंच आहे. बंधन येतं ते गावाच्या स्वतःच्या नियमाने. तुमच्या गावात स्थानिक हिस्टॉरिक कमिशन असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला त्यांचं प्रमाणपत्र लागतं, आतलं काम बहुतेक तुमचं तुम्ही. म्हणून आधी नगरपालिकेत जाऊन एवढंच विचारा की आमचा पत्ता स्थानिक डिस्ट्रिक्टमध्ये आहे, की फक्त राष्ट्रीय यादीत, की दोन्हीत.

आणि राष्ट्रीय यादीत असेल तर तो फायदा आहे हो! धंद्याच्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर केंद्राकडून खर्चाच्या २० टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजावट, मिळतं, आता ते पाच वर्षांत विभागून घ्यावं लागतं. अटी आहेत: इमारत प्रमाणित ऐतिहासिक हवी, खर्च इमारतीच्या हिशेबातल्या किमतीपेक्षा, जमीन सोडून, जास्त हवा, काम त्यांच्या मानकांप्रमाणे हवं (यात ते आतलंही बघतात), आणि नंतर पाच वर्षं विकायची नाही. सगळ्यात महत्त्वाचं, अर्ज काम सुरू करायच्या आधी करायचा. इंडियानात हे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यातल्या ऐतिहासिक जतन विभागाकडून जातं, त्यांना फोन करा, आणि सीए सोबत बसा.

वरच्या मजल्याला कुलूप लावून ठेवू नका एवढी विनंती. बहुतेक गावांत इमारती वरून मरतात, छप्पर गळतं आणि वर कोणी जात नाही म्हणून कळतच नाही. जिन्याचा आणि आगीचा नियम बघून वर भाड्याने घर काढा, छपराला पैसे त्यातूनच सुटतील.

कोलंबसमधली इरविन ब्लॉक ही जुनी इमारत जळाली तेव्हा जावयाने फोटो पाठवले होते, फार वाईट वाटलं. तशीच्या तशी परत बांधता येत नाही का? – एक वाचक, सांगली

काका, इरविन ब्लॉक १८९२ ची, डिसेंबर २०२२ मध्ये जळाली आणि जे उरलं ते पाडावं लागलं. तशीच परत बांधणं शक्य असतं का हे भिंती किती उरल्या त्यावर ठरतं. जवळच्या मॅडिसन गावात २००९ च्या मे महिन्यात कोर्टाला आग लागली, तीही दुरुस्तीचं काम चालू असताना, छपरावरच्या डागकामाने. घुमट आणि छप्पर गेलं पण विटांच्या भिंती उभ्या होत्या, म्हणून दोन वर्षांत ते कोर्ट पुन्हा उभं राहिलं. भिंतीच गेल्या की मग जे बांधाल ते नवंच. त्या काळचं जुन्या जंगलातलं दाट कणाचं लाकूड आज विकत मिळत नाही, आणि कोणी दीडपट पैसे देऊन तीन विटांच्या जाडीची भिंत बांधतही नाही. म्हणून जुन्या छपरावर ज्योत वापरायची असेल तर काम संपल्यावरही काही तास माणूस पहाऱ्याला ठेवायचा, हे डॉक्टरांनीपण लिहून घ्या.

मॅडिसनचं नाव बऱ्याच वेळा ऐकलं. कोलंबसहून जाण्यासारखं आहे का? – एक वाचक, सध्या मुक्काम कोलंबस

जाच! साधारण तासाभराचा रस्ता, ओहायो नदीच्या काठावर. तिथे मोठ्या आर्किटेक्टची रांग नाही, पण १३० च्या वर ब्लॉक्स (चार रस्त्यांमधले वस्तीचे तुकडे) मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून २००६ ला जाहीर झालेत, एवढं सलग जुनं गाव त्या भागात दुसरं नाही. हायवे लांबून गेला आणि रेल्वेचा मोठा धंदाही दुसरीकडे वळला, त्यामुळे पाडून नवं बांधायला पैसाच आला नाही, आणि पुढे १९७७ मध्ये डाउनटाउन सावरायच्या मेन स्ट्रीट प्रयोगासाठी देशातून जी तीन गावं निवडली त्यात मॅडिसन होतं, बाकी दोन इलिनॉयचं गेल्सबर्ग आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. तिथे शिकलेलं, म्हणजे दुकानदारांना एकत्र आणा, पत्रे काढा, फ्रंट दुरुस्त करा, रस्त्यावर कार्यक्रम ठेवा, हेच मग देशभर गेलं.

मेन स्ट्रीटवर गाडी लावा आणि चाला, खांबांच्या तळाशी नावं शोधा, नागपूरच्या दादांचं चुंबक इथे उपयोगी पडेल. नंतर नदीकडे उतरून १८४४ चा लॅनियर वाडा बघा, फ्रान्सिस कॉस्टिगनचा, आतला गोल जिना बघण्यासारखा. या लॅनियरने यादवी युद्धात इंडियाना राज्याला दहा लाख डॉलरच्या वर कर्ज दिलं, तारण न घेता. आतून बघायचं तर गाइडसोबत जावं लागतं, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या वेळा बघून घ्या.